मुंबई–नागपूर: मधले अंतर आणि टोकांचे तास

नागपुरात बर्डीजवळ झीरो माइलचा वालुकाश्माचा स्तंभ आहे. भारताचा मध्यबिंदू म्हणून शहर तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवते. पायथ्याशी वेगवेगळ्या गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत: जबलपूर १७०, शिवनी ७९, छिंदवाडा ८३, चांदा १२५. बैतूल आणि रायपूरही आहेत. मुंबई मात्र त्यात नाही. स्तंभ उभा राहिला तेव्हा नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि तिचा रोजचा कारभार याच गावांशी चालायचा. नागपूरची राजधानी मुंबई झाली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि दोन शहरांमधल्या अंतराला राजकीय वजन आले ते तेव्हापासून. विदर्भ राज्यात यावा म्हणून झालेल्या नागपूर कराराने सरकारला दरवर्षी काही काळ नागपुरात मुक्काम हलवायला लावला. त्यामुळे डिसेंबरात मंत्री, सचिव, पत्रकार, मोर्चेकरी आणि फायलींचे गठ्ठे हे अंतर कापतात. कोण कशाने जातो त्यावर ते दीड तासाचे ठरते, दहा तासांचे ठरते किंवा एका रात्रीचे.

आधी नुसते आकडे. मुंबई विमानतळ ते नागपूर विमानतळ हे आकाशातले सरळ अंतर साधारण ६८० किलोमीटर भरते. समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापासून नागपूरच्या शिवमडक्यापर्यंत ७०१ किलोमीटर आहे. रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नागपूर ८३७ किलोमीटर. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असा जुना हमरस्ता धरला तर आठशेच्या वर. या यादीत समृद्धीचा आकडा चकित करतो. आमणे आणि शिवमडका नकाशावर पट्टीने जोडले तर रेघ ६४० किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे डोंगर, नद्या, गावे आणि अभयारण्ये ओलांडत गेलेला हा रस्ता सरळ रेषेपेक्षा जेमतेम दहा टक्के लांब आहे. रेल्वेचा वळसा वीस टक्क्यांचा. जमिनीवरून जाणारी वाट जवळजवळ विमानाच्या वाटेइतकी सरळ असणे ही या राज्यात तरी नवलाचीच गोष्ट म्हणायची.

दोन शहरांच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे. त्यामुळे नागपूरचा सूर्य मुंबईच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवतो. घड्याळ दोन्हीकडे एकच. मुंबईकर पाहुणा डिसेंबरात नागपुरात संध्याकाळी बाहेर पडायचे म्हणतो, तोवर अंधार झालेला असतो.

आता विमान. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरने उडते असे धरले तर ६८० किलोमीटरला पन्नास मिनिटे पुरावीत. तिकिटावर मात्र सव्वा तास ते दीड तास छापलेला असतो. हा वरचा अर्धा तास हवेत कमी आणि मुंबईच्या जमिनीवर जास्त खर्च होतो. मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच काम चालते. गर्दीच्या वेळी तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमाने तिथून चढतात-उतरतात. दार बंद झाल्यावर विमान रांगेत सरकत राहते. परतीच्या फेरीत मुंबईवर पोचून आकाशात घिरट्या घालते. विमान कंपन्या हा वेळ वेळापत्रकात आधीच धरून ठेवतात. म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेले विमानही कधी कधी वेळेवर पोचल्याची घोषणा ऐकू येते. वाऱ्याचाही थोडा हात असतो. हिवाळ्यात वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून वाहतात, तेव्हा नागपूरला जाणारे विमान पाठीवर वारा घेऊन जाते आणि परतणारे त्याला तोंड देत येते.

हवेतला भाग सोपा. दार ते दार मोजले की गणित बदलते. दादरहून निघून नागपूरच्या धरमपेठेत पोचायचे आहे असे समजा. सहारच्या किंवा सांताक्रूझच्या टर्मिनलला पोचायला पाऊण ते एक तास, आणि पावसाळी संध्याकाळ असेल तर त्याचा भरवसा नाही. बॅग द्यायची असेल तर तिची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, त्यामुळे शहाणा माणूस दीड-दोन तास हातात ठेवतो. मग दीड तास विमानाचा. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरल्यावर बॅग येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे आणि पुढे शहरात अर्धा तास. बेरीज पाच तासांच्या आसपास जाते, त्यात जमिनीपासून वर घालवलेला वेळ एक तास. नागपूरचे टोक त्यातल्या त्यात सुखाचे. विमानतळ शहराला लागूनच आहे, आणि २०१९ पासून खापरी–सीताबर्डी मेट्रो त्याच रस्त्याने धावते. मुंबईचे टोक बोरिवलीच्या, डोंबिवलीच्या किंवा विरारच्या माणसासाठी आणखी लांबते. नवी मुंबईचे विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन डिसेंबरअखेर प्रवाशांसाठी खुले झाले. पनवेल-खारघरकरांना त्याने दिलासा मिळेल, पण बोरिवलीकराच्या हिशेबात त्याने काही फरक पडत नाही.

नागपूर देशाच्या मधोमध असल्याचा खरा उपयोग विमानांनी फार लवकर करून घेतला होता. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून संध्याकाळनंतर डाकोटा विमाने निघत आणि मध्यरात्री सोनेगावच्या धावपट्टीवर जमत. टपालाच्या थैल्यांची तिथे अदलाबदल व्हायची आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जायची. मुंबईत रात्री टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्याला पोचायचे. त्या विमानांतून माणसेही जात असत. आज एखाद्या मोठ्या कुरिअर कंपनीचे जाळे दाखवताना मध्यवर्ती केंद्राचे जे चित्र काढतात, ते नागपूरने स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत प्रत्यक्षात वापरून पाहिले होते.

रस्त्याचा प्रवास दादरहून सुरू होतो तेव्हा त्याचा सगळ्यात रेंगाळणारा भाग सुरुवातीलाच येतो. समृद्धीचा पहिला किलोमीटर आमण्याला आहे, आणि शहरातून तिथवर पोचायला पन्नास किलोमीटरच्या आसपास जावे लागते. त्यात ठाण्याचा माजिवडा नाका, खारेगावची खाडी आणि भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांची गर्दी आहे. माजिवडा ते वडपे या पट्ट्याचे रुंदीकरण कितीतरी काळ चालले. पहाटे साडेचारला निघालेला माणूस तासाभरात आमणे गाठतो, तोच सकाळी आठला निघाला तर दोन तासही पुरत नाहीत. पुढच्या ७०१ किलोमीटरचे भाकीत बऱ्यापैकी नेमके करता येते. या पन्नासांचे येत नाही.

आमण्यानंतर चित्र पालटते. शहापूरचा पट्टा सरताच सह्याद्री समोर उभा राहतो. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेला या घाटाने अडवले आहे. रेल्वेचा थळ घाट १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे, आणि आजही कसाऱ्याला गाड्यांना मागून ढकलणारी इंजिने जोडली जातात. जुन्या आग्रा रोडवर ट्रकच्या मागे अडकून घाट चढायला अर्धा तास सहज जायचा. समृद्धीने डोंगर चढण्याऐवजी त्याच्या पोटातून जायचे ठरवले. इगतपुरी ते कसारा हा जुळा बोगदा सुमारे पावणेआठ किलोमीटरचा आहे आणि तो ओलांडायला आठेक मिनिटे लागतात. ५ जून २०२५ ला इगतपुरी–आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा तुकडा खुला झाला, तेव्हा महामार्ग पुरा झाला. त्याआधी ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी, मे २०२३ मध्ये शिर्डी–भरवीर आणि मार्च २०२४ मध्ये भरवीर–इगतपुरी असे तुकडे उघडत गेले होते. हा रस्ता नागपूरकडून मुंबईकडे वाढत आला, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. राज्यातले रस्ते बहुधा उलट्या दिशेने वाढतात.

घाटमाथा सरला की रस्ता ताणून बांधलेल्या दोरीसारखा पूर्वेकडे जातो. सिन्नर-कोपरगावच्या उसाच्या पट्ट्यातून शिर्डी मागे पडते, आणि मग वैजापूर आणि दौलताबादच्या टेकड्या येतात. मुंबई–नागपूर सरळ रेघ छत्रपती संभाजीनगरवरून जवळजवळ बरोबर जाते, त्यामुळे विमान आणि मोटार इथे एकाच जागेवर येतात, फक्त दहा किलोमीटर उंचीचा फरक राहतो. त्यापुढे जालना, सिंदखेड राजा, मेहकर. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मगाव. मेहकरच्या बाजूला लोणारचे सरोवर आहे, उल्कापाताने काळ्या दगडात पडलेला पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खड्डा. लोणार सरळ रेघेच्या दक्षिणेला तीसएक किलोमीटरवर आहे. नागपूरला जाताना उजव्या खिडकीशी बसलेल्याने स्वच्छ हवेत तासाभरातली मधली वीस मिनिटे डोळे उघडे ठेवावेत. मोटारीने जाणाऱ्याला मात्र उतरून तासभर वेगळी वाट करावी लागते, आणि ती करावीच.

वाटभर जमीन काळी आहे. मुंबईच्या बेटांपासून ते नागपूरच्या वेशीपर्यंत सगळा प्रदेश साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांवर वसला आहे. बर्डीची टेकडी त्याच दगडाची. नागपूरच्या पूर्वेला हा थर संपतो आणि जमिनीचा रंग, पिके, तळी सगळे बदलू लागते. कपाशीपासून धानाकडे होणारा हा बदल समृद्धी पाहत नाही, कारण ती बरोबर त्याच्या काठावर थांबते.

कारंजा लाडच्या आसपास महामार्ग काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ या अभयारण्यांच्या हद्दीतून जातो. ठाणे जिल्ह्यात तानसाही त्याच्या वाटेत येते. सोहोळमध्ये काळवीट आहेत. प्राण्यांना पलीकडे जाता यावे म्हणून रस्त्याखालून भुयारे आणि काही ठिकाणी वरून पूल ठेवले आहेत. पुढे पुलगाव आणि वर्धा आले की नागपूर जवळ आल्याची खूण पटते. वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. ती न थांबता पाळली तर ७०१ किलोमीटरला पाच तास पन्नास मिनिटे लागावीत. चहापाणी, पेट्रोल, लघवी आणि मधे-मधे कमी होणारा वेग धरून प्रत्यक्षात साडेसात-आठ तास होतात. त्यात दोन्ही टोकांची शहरे मिळवली तर दादर ते धरमपेठ नऊ ते दहा तासांचा हिशेब येतो. जुन्या रस्त्याने हाच प्रवास पंधरा-सोळा तासांचा होता. पाच-सहा तास वाचले, ते सगळे मधल्या भागात.

खर्चाचे तपशील कुटुंबाकडे पाहून ठरतात. एप्रिल २०२५ पासून मोटारीला किलोमीटरला २ रुपये ६ पैसे असा टोल आहे, म्हणजे पूर्ण वाटेला १,४४५ रुपये. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी असेल तर इंधनाला पाच हजारांच्या वर लागतात. एकटा माणूस असेल तर विमानाचे आधी काढलेले तिकीट याहून स्वस्त पडते. चौघे असतील आणि दिवाळीची सुट्टी असेल तर मोटार कधीच जिंकलेली असते.

या सरळपणाची एक किंमत आहे, आणि तिच्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेड राजाजवळ उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी गेले. पुढच्याच महिन्याच्या सुरुवातीला शहापूरजवळच्या सरळांब्याला पुलाचे गर्डर चढवणारे यंत्र कोसळून वीस कामगार मेले. ऑक्टोबरात वैजापूरजवळ मिनीबस आणि ट्रकची धडक होऊन बारा जण गेले. जिथे वळण नाही, गाव नाही, समोरून येणारे वाहन नाही, म्हशी नाहीत, तिथे चालकाचे डोळे उघडे राहूनही लक्ष निसटते. उन्हाळ्यात विदर्भाचे तापमान पंचेचाळीसला टेकते, काँक्रीट तापते, आणि तासन्‌तास एकाच वेगाने फिरणाऱ्या झिजलेल्या टायरला ते सोसत नाही. जुन्या रस्त्यावर खड्डेच चालकाला जागे ठेवायचे. निघण्याआधी टायरमधली हवा बघणे आणि दर दोन तासांनी गाडीतून उतरणे, ही काळजी इथे इंजिन ऑइलइतकीच गरजेची आहे.

दुसरी उणीव पोटाची. महामार्गाला कुंपण आहे, दुचाकी आणि रिक्षांना तिथे मज्जाव आहे, त्यामुळे गावातला चहावाला रस्त्याला येऊ शकत नाही. सुरुवातीच्या काळात तर पेट्रोल पंप आणि स्वच्छतागृहांचीही बोंब होती. आता सोयी वाढल्या आहेत, पण चव नाही. ७०१ किलोमीटरमध्ये दहा जिल्हे येतात, आणि खिडकीतून खाण्यावरून कुठला जिल्हा आला हे ओळखता येत नाही.

ते ओळखायचे असेल तर रेल्वेने जावे. रेल्वेची वाट सरळ नाही, कारण ती कापसासाठी आखलेली आहे. लोहमार्ग येण्याआधी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवर लादून दूर मिर्झापूरपर्यंत जायचा, त्यात महिने जायचे आणि वाटेत पाऊस लागला तर माल भिजायचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असे कापसाचे बाजार जोडत १८६७ मध्ये नागपूर गाठले. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबईत गिरण्यांची रांग लागली असताना नागपूर निवडण्यामागे कापूस दाराशी आणि रूळ अंगणात हा हिशेब होता.

त्याच रुळांवरून आज दुरांतो मुंबईहून रात्री सव्वाआठच्या सुमारास निघते आणि सकाळी सातनंतर नागपूरला पोचते. विदर्भ एक्स्प्रेस आणि सेवाग्राम एक्स्प्रेस वाटेतली गावे घेत जातात. घड्याळाने हे अकरा ते पंधरा तास आहेत, पण त्यातले सात-आठ झोपेचे. मुंबईतला माणूस ऑफिस उरकून गाडीत बसतो आणि नागपुरातले काम दहाला सुरू करतो. पहाटेचे विमान पकडणाराही त्याच सुमारास पोचतो, पण तीनला उठून. दिवसाच्या गाडीत असाल तर भुसावळची केळी आणि शेगावची कचोरी आहे. फलाटावर गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत कचोरी घेऊन परत डब्यात चढण्याचे कसब वऱ्हाडी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

जुन्या हमरस्त्यानेही हार मानलेली नाही. अमरावती–अकोला पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला. त्या पट्ट्यातून आधी कित्येक वर्षे खड्डे चुकवत गेलेल्या लोकांनी या बातमीवर ज्या प्रतिक्रिया दिल्या, त्या इथे छापण्याजोग्या नाहीत. पण अकोला, खामगाव, मलकापूर इथल्यांना मुंबईला जायला आजही तोच रस्ता किंवा रेल्वे बरी पडते, कारण समृद्धी त्यांच्या दक्षिणेकडून निघून जाते.

एकूणात मुंबई ते नागपूर असा पूर्ण प्रवास करणाऱ्याला विमान आणि रात्रीची गाडी हे पर्याय आधीही होते. समृद्धीने खरा फरक पाडला तो मधल्यांना. मेहकर, मालेगाव जहांगीर, कारंजा लाड या गावांवरून विमाने जातात, उतरत नाहीत. रेल्वेची मुख्य वाट त्यांच्या उत्तरेला राहते. मेहकरहून मुंबई म्हणजे एसटीची किंवा ट्रॅव्हल्सची अख्खी रात्र होती. आता महामार्गाला लागल्यावर आमणे चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पाच तास. अडचण महामार्गाला लागण्याची आहे. चढण्या-उतरण्याची जंक्शने मोजकीच आहेत, ती गावाबाहेर आहेत आणि तिथवर जायला पुन्हा आपली सोय आपणच बघायची.

पूर्वेकडे हा प्रश्न आणखी मोठा होतो. समृद्धी गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरपर्यंत वाढवायचा सरकारचा बेत आहे. आज गडचिरोलीहून विमान पकडायचे तर आधी नागपूर गाठण्यात साडेतीन-चार तास जातात, म्हणजे नागपूर–मुंबई उड्डाणाच्या दुपटीहून जास्त. आणि त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या काठी असलेल्या सिरोंच्याच्या माणसाला मुंबईत मंत्रालयात काम निघाले, तर त्याला नागपूरपेक्षा हैदराबादचे विमानतळ जवळ पडते.